गाजर गवत : एका नोंदीचा इतिहास

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस पुणे जिल्ह्यातील भोरजवळ उत्रोली येथे जाण्याचा योग आला. भोर-वेल्ह्याचा हा मुलूख डोंगरांचा, पावसाचा आणि भाताचा. खाचरांत भात निसवू लागला होता. रस्त्याच्या कडेला, मुरुमाच्या ढिगांवर आणि पडीक तुकड्यांत मात्र कमरेएवढी उंच, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली झाडे दाटीने उभी होती. बरोबर काही शिक्षक आणि नववी-दहावीची मुले होती. "हे काय?" असे विचारताच सगळ्यांनी एका सुरात सांगितले, "गाजर गवत!" "आणि ते आले कुठून?" याही प्रश्नाचे उत्तर तयार होते. "अमेरिकेने गहू पाठवला होता ना, त्यातून."

मी मान डोलावली. मीसुद्धा कितीतरी वर्षे व्याख्यानांतून हेच सांगत आलो होतो. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका मुलीने विचारले, "पण सर, ते गव्हातून येताना पाहिले कोणी?"

विज्ञानाच्या वर्गात यापेक्षा चांगला प्रश्न विचारला जाणे कठीण. त्या वेळी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर जुने कागद चाळले, आणि लक्षात आले की आपण तीन वेगवेगळ्या घटनांची एकच गोष्ट करून टाकली आहे. त्या तीन घटना सुट्या करण्याचा हा प्रयत्न.

गाजर नव्हे, गवतही नव्हे

आधी झाडाची ओळख करून घेऊ. आपले हे गाजर गवत गाजराच्या कुलातले नाही आणि गवताच्या तर मुळीच नाही. पाने गाजराच्या पानांसारखी बारीक चिरलेली, म्हणून 'गाजर'. आणि नको तिथे उगवते म्हणून 'गवत', एवढाच त्या नावाचा अर्थ. काँग्रेस गवत, चटकचांदणी ही त्याचीच दुसरी नावे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. हे झाड सूर्यफुलाच्या कुलातले आहे. भाद्रपदात रायरेश्वराचे पठार पिवळे करून टाकणारी सोनकीही याच कुलातली. तेव्हा सोनकी आणि गाजर गवत ही दूरची का होईना, भावंडेच आहेत.

या कुलाची खूण अशी की ज्याला आपण 'फूल' म्हणतो ते एक फूल नसते. ती अनेक लहान फुलांची, म्हणजे पुष्पकांची, एकत्र बसलेली वसाहत असते. तिला स्तबक म्हणतात. सूर्यफुलात कडेची पिवळी 'पाकळी' हे एक पुष्पक आणि मधल्या तबकडीतला प्रत्येक ठिपका हे दुसरे पुष्पक. गाजर गवताचा स्तबक जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर रुंद असतो. भिंगातून पाहिले तर कडेला बरोबर पाच किरण-पुष्पके दिसतात. त्यांची पाकळी इतकी आखूड असते की नुसत्या डोळ्यांना ती पांढरी कड भासावी. मध्ये साधारण चाळीस बिंब-पुष्पके असतात.

आता यातील गंमत पाहा. मधली चाळीस पुष्पके फक्त पराग देतात. त्यांच्यात बी धरत नाही. बी धरते ते कडेच्या पाच पुष्पकांतच. म्हणजे एका स्तबकात फळे फक्त पाच. काळसर, सुमारे दोन मिलिमीटर लांबीचे ते फळ एकटे गळत नाही. शेजारची दोन वांझ बिंब-पुष्पके आणि पाठीमागचे छद यांना बरोबर घेऊनच ते सुटते. हलके असल्यामुळे ते वाऱ्याने थोडे उडते, पाण्यावर तरंगते, आणि चाकांच्या व पायांच्या चिखलाला चिकटून लांबवर जाते. एका स्तबकात पाचच बिया म्हणजे फार कंजूषपणा झाला असे वाटेल. पण स्तबक इतके असतात की चांगले पोसलेले एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया सहज देते. उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फुलायला लागते आणि ओल असेपर्यंत फुलतच राहते.

माठाच्या शेजारी

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात या झाडाला त्याचे आजचे शास्त्रीय नाव दिले. मूळस्थान म्हणून त्याने जमैका बेटाचा उल्लेख केला. नावातला 'पार्थेनॉस' हा ग्रीक शब्द कुमारी या अर्थाचा आणि 'हिस्टेरा' हा गर्भाशय या अर्थाचा.

पण लिनियसने या झाडाला बसवले कुठे? सूर्यफुलाच्या शेजारी नव्हे. त्याची वर्गीकरणाची पद्धत मोजणीची होती. फुलात पुंकेसर किती, ते सुटे की जोडलेले, नर आणि मादी फुले एकत्र की वेगळी, एवढ्यावर तो वनस्पतींचे वर्ग पाडत असे. सूर्यफुलाच्या जातकुळीतील बहुतेक वनस्पतींचे परागकोश एकमेकांना चिकटून नळी तयार करतात. त्यांचा त्याने एक वर्ग केला. पार्थेनियममध्ये मात्र नर आणि मादी पुष्पके वेगळी, पण एकाच झाडावर, आणि पुंकेसर पाच. म्हणून हे झाड दुसऱ्याच वर्गात गेले आणि ग्रंथात त्याचा शेजारी झाला अमरँथस, म्हणजे आपला माठ आणि राजगिरा यांची प्रजाती.

यावरून लिनियसला नावे ठेवण्याचे कारण नाही. हजारो वनस्पतींचा ढीग समोर असताना नवशिक्यालाही चटकन नाव सापडावे, यासाठी त्याने केलेली ती सोय होती. शब्दकोशात 'आई' आणि 'आग' जवळजवळ येतात, म्हणून त्यांचे नाते जुळत नाही, तसेच हे. नाते शोधायचे तर एकच खूण मोजून चालत नाही. अनेक खुणा एकत्र पाहाव्या लागतात. हे काम सूर्यफूल कुलापुरते फ्रान्सच्या आंरी कासिनी याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केले. खगोलशास्त्रज्ञांच्या प्रसिद्ध घराण्यातला हा माणूस पेशाने न्यायाधीश होता. या कुलातील पुष्पकांचे सूक्ष्म भाग न्याहाळून त्याने कुलाचे गट पाडले. सूर्यफुलाचा गट त्याचाच. आज पार्थेनियम याच गटात गणले जाते, आणि डीएनएच्या अभ्यासानेही हे नाते कायम ठेवले आहे. म्हणजे गाजर गवत आणि शेतातले सूर्यफूल यांचे नाते सोनकीपेक्षाही जवळचे. ही गोष्ट लक्षात ठेवू; ती पुढे उपयोगी पडणार आहे.

पुण्याचा उकिरडा

आता भारतातील इतिहासाकडे वळू. १९५१ साली पुण्यात प्रा. परांजपे यांना उकिरड्यांवर या झाडाची तुरळक रोपे आढळली, असा उल्लेख शास्त्रीय लिखाणात येतो. छापील नोंद झाली ती १९५६ साली. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा पश्चिम विभाग पुण्यात डिसेंबर १९५५ मध्ये सुरू झाला. त्या संस्थेतले वनस्पतिशास्त्रज्ञ आर. शेषगिरी राव यांनी मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या नियतकालिकात लेख लिहून ही जाती भारतासाठी नवी असल्याचे जाहीर केले.

'नवी नोंद' हे शब्द ऐकायला सोपे वाटतात. पण त्यामागे केवढे काम असते! आधी झाडाचे वर्णन करायचे, मग जगातल्या ग्रंथांशी ताडून त्याचे नाव ठरवायचे, आणि शेवटी आपल्या देशाच्या वनस्पतिग्रंथांत ते कुठेच नाही ना, हे पाहायचे. हूकर यांच्या संपादनाखाली १८७२ ते १८९७ या काळात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथात हे झाड नाही. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथातही (१९०१ ते १९०८) ते नाही. कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. पुण्याचा परिसर त्यांच्या पायांखालचा. त्यांच्या काळात गाजर गवत आजच्यासारखे रस्तोरस्ती उभे असते, तर ते त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. ग्रंथात एखादी गोष्ट नसणे हाही, काळजीपूर्वक वापरला तर, पुरावाच असतो.

तारखा काय सांगतात?

आता गव्हाची गोष्ट तपासू. ज्या योजनेचे नाव नेहमी घेतले जाते ती 'पी. एल. ४८०', म्हणजे अमेरिकेचा सार्वजनिक कायदा क्रमांक ४८०. हा कायदा जुलै १९५४ मध्ये झाला. भारताबरोबरचा त्याखालील पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला. म्हणजे त्या कराराचा गहू बंदरात उतरण्यापूर्वीच पुण्याच्या उकिरड्यावर हे झाड उभे होते! १९५१ ची रोपे १९५६ च्या करारातून येणार कशी?

पण इथे घाई करायची नाही. 'पी. एल. ४८०' मधून झाड प्रथम आले नाही, एवढेच यातून सिद्ध होते. ते धान्यातून आलेच नाही, असे नव्हे. कारण १९५१ मध्येही भारताने अमेरिकेकडून १९ कोटी डॉलरचे कर्ज घेऊन गहू आणला होता. पुण्यातली रोपे एखाद्या आधीच्या धान्यातून आली असण्याची शक्यता उरतेच. झाडातील रसायनांचा पुरावाही लक्षात घेण्यासारखा आहे. या जातीच्या दक्षिण अमेरिकेतील काही झाडांत 'हायमेनिन' हे द्रव्य मुख्य असते, तर उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजमधील झाडांत 'पार्थेनिन'. भारतातील झाडे पार्थेनिनवाली आहेत. म्हणजे आपल्या गाजर गवताचे माहेर उत्तर अमेरिका किंवा वेस्ट इंडीजच्या बाजूला असावे. पण माहेर ठाऊक झाले म्हणून पाहुणा कोणत्या गाडीने आला ते कळत नाही.

श्रीरामपूरची यादी आणि डेहराडूनचा कागद

गोष्ट इथे संपली असती तरी चालले असते. पण पुढच्या संशोधकांनी जुने दप्तर उघडले आणि १९५६ ची 'पहिली' नोंदही पहिली राहिली नाही.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. त्यात पार्थेनियमचा एक नमुना सापडला. तो डिट्रिच ब्रँडिस यांनी १८८० साली गोळा केलेला होता. ब्रँडिस म्हणजे भारताचे पहिले वनमहानिरीक्षक. हा नमुना जवळजवळ शंभर वर्षे कपाटात शांतपणे पडून होता. १९७८ मध्ये एका शोधनिबंधातून तो अभ्यासकांसमोर आला.

त्याही मागे जाता येते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी उद्यानातल्या झाडांची यादी केली होती. ती 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या नावाने १८१४ मध्ये श्रीरामपूरहून विल्यम कॅरी यांनी छापून काढली. त्या यादीत पार्थेनियम हिस्टेरोफोरसचे नाव आहे, याकडे २०१० मध्ये लक्ष वेधले गेले. मराठीच्या शिक्षकांना हे कॅरी परके नाहीत. मराठी भाषेचे १८०५ चे व्याकरण आणि १८१० चा कोश तयार करणारे श्रीरामपूरचे मिशनरी ते हेच. मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्या माणसानेच छापलेल्या यादीत गाजर गवताचे नाव निघावे, हा योगायोग वर्गात सांगण्याजोगा आहे.

म्हणजे ज्याला आपण १९५० नंतरचा पाहुणा समजत होतो, तो १८१४ पूर्वीच कलकत्त्याच्या बागेत हजेरी लावून गेला होता.

येणे, दिसणे आणि पसरणे

मग राव यांचे चुकले का? मुळीच नाही. बागेच्या वाफ्यात माळ्याने सांभाळलेले झाड वेगळे आणि उकिरड्यावर स्वतःच्या बळावर उभे राहिलेले झाड वेगळे. एखादी परकी वनस्पती देशात येणे, ती अभ्यासकाच्या नजरेस पडून नोंदली जाणे, आणि ती देशभर पसरणे या तीन स्वतंत्र घटना आहेत. त्यांच्यात दीडशे वर्षांचे अंतरही असू शकते. शिवाय बी एकदाच यायला हवे असे कुठे आहे? ते अनेकदा, अनेक वाटांनी येऊ शकते. कलकत्त्याच्या बागेतील झाडांचा वंश तिथेच खुंटला असेल आणि पुण्याचे झाड नव्याने आले असेल, हे अगदी संभवनीय आहे.

ऑस्ट्रेलियात नेमके असेच झाले. क्वीन्सलँड प्रांतात तुगुलावा येथे हे झाड १९५५ मध्ये नोंदले गेले, पण तिथून ते फारसे पसरले नाही. पुढे १९६० च्या सुमारास टेक्सासहून आणलेल्या चराऊ गवताच्या बियाण्यात भेसळ होऊन ते क्लेरमाँटजवळ दुसऱ्यांदा आले, आणि या दुसऱ्या आगमनाने मात्र मोठा मुलूख व्यापला. पहिला पाहुणा आणि घर बळकावणारा पाहुणा एकच असतो असे नाही.

या दृष्टीने पाहिले तर गव्हाच्या गोष्टीतही सत्याचा अंश असू शकतो. १९५६ नंतरच्या धान्यातून आणखी बी आले असेल. आगगाड्या आणि मालमोटारींनी ते देशभर नेले असेल. 'असेल' म्हणणे आणि 'आहे' म्हणणे यांतला फरक विद्यार्थ्यांना कळला, तर विज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम शिकवून झाला असे मी समजतो.

वर्णनाचा उपयोग काय?

पुष्पके मोजून, जुन्या याद्या चाळून शेतकऱ्याचा काय फायदा, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे.

पहिला फायदा ओळखण्याचा. फुले येण्यापूर्वी हे झाड जमिनीला चिकटलेल्या पानांच्या गोल चकतीच्या रूपात असते. ते उपटायचे तर याच अवस्थेत. पांढरे ठिपके दिसू लागले की उशीर झाला. उपटून बांधावर टाकलेले झाडही मग बी सांडते. पण पानांवरून ओळख पटवायला आधी कोणीतरी पानांचे नीट वर्णन केलेले असावे लागते.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. झाडाच्या अंगावरील केसांत पार्थेनिन असते. त्याच्या संपर्काने काही जणांच्या त्वचेला तीव्र खाज, लाली आणि चट्टे येतात. एकदा वावडे जडले की ते वर्षानुवर्षे सुटत नाही. गाजर गवतामुळे होणाऱ्या या त्वचारोगावरचा लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही खुरपणीला जाणाऱ्या बाया उघड्या हातांनीच गाजर गवत उपटताना दिसतात. त्यांच्या हातांवरचे चट्टे पाहिले म्हणजे हे झाड ओळखणे ही केवळ परीक्षेची बाब राहत नाही.

तिसरा फायदा नात्याचा, आणि इथे कासिनीचे वर्गीकरण कामाला येते. गाजर गवताची पाने फस्त करणारा झायगोग्रामा नावाचा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये सोडण्यात आला. असा किडा सोडण्यापूर्वी पहिली भीती कोणती? तो शत्रूला सोडून शत्रूच्या नातेवाइकाला खाईल ही. आणि इथे जवळचा नातेवाईक म्हणजे सूर्यफूल, शेतकऱ्याचे तेलबियांचे पीक! १९९० नंतर सूर्यफुलावर हे भुंगेरे दिसल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा केंद्र शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अभ्यासात असे आढळले की गाजर गवताचे पराग पडलेली सूर्यफुलाची पाने हा किडा कुरतडतो. सूर्यफुलाला त्याच्यापासून खरा धोका नाही, हा निष्कर्ष पुढे मान्य झाला. लिनियसच्या यादीवर विसंबून कोणी या झाडाला माठाचा भाऊ समजले असते, तर चाचण्या भलत्याच पिकावर झाल्या असत्या. नाते चुकले की प्रयोगही चुकतो.

वर्गात काय करता येईल?

शिक्षकांना एक लहानसा उपक्रम सुचवतो. गाजर गवताला मुलांनी हात लावू नये. दमा किंवा खाज असलेल्यांनी तर जवळही जाऊ नये. शिक्षकांनी हातमोजे घालून दोन-चार स्तबक पारदर्शक पिशवीत बंद करावेत आणि मुलांना ते बाहेरून भिंगाने पाहू द्यावेत. कडेची पुष्पके मोजायला सांगावे. बहुतेक स्तबकांत पाच भरतील. शेजारी सोनकीचा किंवा झेंडूचा स्तबक ठेवून काय सारखे, काय वेगळे, याची यादी करायला लावावी. मग आपापल्या गावातील वृद्धांना विचारायला सांगावे : हे झाड तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिले? कुठे? त्या वेळी आसपास काय चालले होते, रस्त्याचे काम, धरणाचे काम, दुष्काळी धान्याचे वाटप? उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. ती का जुळत नाहीत, यावरच चर्चा करावी.

उत्रोलीहून निघताना त्या मुलीने वहीच्या पानात एक सोनकीचे फूल दाबून घेतले होते. मी तिला पानाच्या कोपऱ्यात चार ओळी लिहायला सांगितल्या : झाडाचे नाव, ठिकाण 'उत्रोली, ता. भोर, जि. पुणे', तारीख, आणि गोळा करणाऱ्याचे नाव. "एवढ्याने काय होते सर?" तिने विचारले. ब्रँडिसने १८८० मध्ये आपल्या नमुन्यावर साल आणि नाव लिहिले नसते, तर आपण सगळे अजून गव्हाचीच गोष्ट सांगत बसलो असतो, असे मी तिला सांगितले. तिने ते पान जपून वहीत ठेवले.